अंगठ्याएवढा चेहरा

त्या बाईचं नाव मी लिहिणार नाही. बेटाचंही नाही. स्पॅनिश लोक जिथे अगदी सुरुवातीला उतरले आणि घरं बांधून राहिले, अशा जागा कॅरिबियनमध्ये बऱ्याच आहेत. त्यातली ही कुठली, ते शोधत बसू नये. तिची नोकरी अजून तिथेच आहे, आणि ती आमच्या घरामुळे एकदा जाता जाता राहिली आहे. मी हे रागाने लिहिते आहे हेही आधीच सांगते. राग ओसरल्यावर लिही, असं नवरा म्हणाला होता. तेवढा वेळ थांबले असते तर हे कधीच लिहून झालं नसतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, गेल्या वर्षी सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडात मेडनहेडला आले होते. सासूबाई गेल्यापासून ते अधूनमधून येतात. बँकेत नोकरी केली, पण त्या नोकरीबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलतात ते किल्ल्यांबद्दल. शनिवार-रविवार मिळाला की पाठीला सॅक लावून निघायचं, असं त्यांनी उभं आयुष्य काढलं. किल्ल्याच्या दरवाज्यात पोचले की चपला काढायच्या, उंबऱ्याला हात लावायचा, तिथली चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि चिमूटभर डबीत घालून घरी आणायची. अशा डब्यांची त्यांच्याकडे एक फळी भरली आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला की त्या प्रत्येक डबीतली थोडी थोडी माती त्यात पडते, म्हणजे तो नुसता खेळातला किल्ला राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हे लग्न झाल्यापासून आवडत आलं होतं. माझ्या माहेरी देवाशिवाय कशालाच कुणी हात लावून नमस्कार करत नसे.

जुलैमध्ये आम्ही त्यांना लंडनच्या एका म्युझियममध्ये घेऊन गेलो. तिथे काचेच्या कपाटात आपल्याकडच्या तलवारी होत्या. एकीच्या मुठीवर इतकं बारीक काम होतं की बाबा काचेला नाक लावून उभे राहिले. मग त्यांनी तिथल्या अटेंडंटला स्वच्छ इंग्रजीत विचारलं की ही इथे कशी आली. तो बिचारा म्हातारा, सभ्य माणूस. म्हणाला, कशी आली ते मला नक्की सांगता येणार नाही, पण आमच्याकडे ती सुरक्षित आहे. बाबा पुढच्या कपाटाकडे वळले. पण परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी मेडनहेड येईपर्यंत तोंडाचा पट्टा सोडला. चोरानेच वर तोंड करून सांगायचं की माल माझ्याकडे नीट आहे, म्हणे. आणि ज्याचा गेला त्याने काय, आभार मानायचे? समोरची बाई पुस्तकातून डोकं वर काढून बघत होती. नवऱ्याने दोनदा हळू बोला म्हणून खूण केली. मी मात्र मुद्दाम मोठ्याने हो ला हो करत होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता. तो अभिमान आता आठवला की डोकं फिरतं.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवड्याच्या सुट्टीत, नवऱ्याने कॅरिबियनचं पॅकेज घेतलं. बाबांना यूकेच्या व्हिसावर तिथे जाता येतं, हे त्यानेच शोधून काढलं. मनगटावर प्लास्टिकचा पट्टा बांधून दिवसभर खायचं, प्यायचं आणि पाण्यात पडायचं, अशी ती जागा. नवरा आणि आमची अकरा वर्षांची लेक पाण्याबाहेर यायला तयार नव्हते. बाबांचा दुसऱ्याच दिवशी जीव कंटाळला. तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवरून ते एक पत्रक घेऊन आले. जवळच एक पुराणवस्तूंचं उद्यान होतं, स्पॅनिश लोकांची जुनी वसाहत, उत्खनन अजून चालू. जेवणाच्या टेबलावर पत्रक पसरून ते म्हणाले, हे बघायला हवं. मला वाटलं, चला, एक तरी दिवस बुफेपासून सुटका.

मिनीबसमध्ये आमच्याबरोबर केंटचं एक इंग्रज जोडपं आणि आणखी दोघं-तिघं होते. उद्यान म्हणजे समुद्राकाठचा एक उंच माळ. त्यावर गुडघ्याएवढ्या उंचीच्या दगडी भिंतींच्या रेषा, भोवती दोरी, आणि जिथे खणणं चालू होतं तिथे झावळ्यांचं छप्पर. ज्यांना मोठे मोठे पडके किल्ले बघायची सवय आहे त्यांना तिथे काही नाही असंच वाटेल. पण गाईड बाई चांगली होती. चाळिशीची, डोक्यावर गवती हॅट, खांद्याला कापडी बॅग. इंग्रजी टुरिस्टांकडूनच शिकलेलं, पण अडत नव्हतं. ती एका रेषेपाशी उभी राहून म्हणायची, हे कोठार, हे चर्च, हा ओटा, आणि खरंच ते दिसायला लागायचं.

सगळ्यात मोठ्या घराच्या दाराशी आम्ही पोचलो. दार म्हणजे दोन चौकोनी दगड आणि मधला उंबरा. आणि बाबांनी बूट काढले. उंबऱ्याला हात लावला, चिमूटभर लाल माती उचलली आणि कपाळाला लावली. सवयीने. उंबरा दिसला, पडकी भिंत दिसली, हात आपोआप खाली गेला. बाई बघत राहिली. हे काय, असं तिने विचारलं. नवऱ्याने समजावलं की आमच्याकडे किल्ल्याला असा मान देतात. ती म्हणाली, "हे घर गव्हर्नरचं होतं. इथल्या लोकांना याच दाराशी बांधून मारायचे."

बाबांनी बाहीने कपाळ पुसलं. इतकं घाईघाईने पुसलं की लेकीला हसू फुटलं. बाईही हसली, पण दुष्टपणाने नाही. तिथून पुढे बाबांची आणि तिची गट्टीच जमली. तुमच्याकडे हे, आमच्याकडे इंग्रज, असं त्यांचं सुरू झालं. म्युझियमच्या तलवारीची हकीगतही तिला सांगून झाली. ती मान हलवून म्हणाली, इथलंही जे चांगलं सापडलं ते सगळं पूर्वी बाहेरच गेलं, आता कुठे इथे ठेवायला लागलेत.

बहुतेक म्हणूनच तिने आम्हाला ते दाखवलं. दाखवायचं नव्हतं. छपराखाली जाळीच्या ट्रेंमध्ये धुऊन वाळत ठेवलेले खापरांचे तुकडे होते, त्यातून तिने एक उचलून माझ्या लेकीच्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढा मातीचा चेहरा. गोल डोळे, उघडं तोंड, दोन बाजूंना कान. बेटावरच्या मूळच्या बायका मडकी करताना कानाच्या जागी, म्हणजे धरायच्या जागी, असे चेहरे बसवत. त्या बायकांना स्पॅनिश घरांतून रांधायला ठेवलेलं असे. स्वयंपाक साहेबाचा, पण मडकं आपलं, असं ती म्हणाली. आणि मग, जरा लाजत, सांगितलं की तो तिलाच सापडला होता, परवा, चाळणीत. गाईडचं काम नसेल त्या दिवशी ती माती चाळायला बसते. इतक्या वर्षांत तिला सापडलेला हा पहिला.

लेकीने तो चेहरा बघून आजोबांच्या हातात दिला. एवढ्यात केंटच्या गृहस्थांनी टॉयलेट कुठे आहे म्हणून विचारलं, बाई रस्ता दाखवायला वळली, आणि आम्ही सगळे तिच्यामागून निघालो. तिला वाटलं असणार, तो पुन्हा ट्रेमध्ये गेला. मलाही तसंच वाटलं. वाटलं काय, मी तो विचारसुद्धा केला नाही.

आम्ही फाटकाशी मिनीबसची वाट बघत असताना आतून एक साहेब आला. हातात फोन, फोनमध्ये सकाळी काढलेले ट्रेमधल्या तुकड्यांचे फोटो. त्यातल्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवून तो बाईशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागला. भाषा कळत नव्हती, पण आवाज कळत होता. तिने आमच्याकडे हात करून काहीतरी सांगितलं. त्याने आमच्याकडे बघून छान हसून मान झुकवली, तुम्ही बसा, बसा बसमध्ये, आणि तिकीट खिडकीसमोरच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिने बॅग खांद्यावरून काढली आणि स्वतःच टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, कंगवा, घडीचा पंखा, औषधाच्या गोळ्या, एक रुमाल. साहेबाने पेनाच्या टोकाने रुमाल उलगडून पाहिला. ती समुद्राकडे बघत उभी होती.

माझा ताबा सुटला. मी जाऊन म्हटलं, हिची बॅग बघता तर आमच्याही बघा, आम्हीही तिथेच होतो. साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाहुणे आहात." मी माझी सॅक त्या टेबलावर ओतली. सनक्रीम, वाइप्स, लेकीचा ओला स्विमसूट, पुण्याहून आलेल्या चिवड्याचं पाकीट. त्याने एकाही वस्तूला हात लावला नाही. उलट संकोचून मागे सरकला. पाचशे वर्षांत एवढं शिकलात का, असं काहीतरी मी बोलले. बोट नाचवून बोलले. गोऱ्या कातडीच्या आणि परदेशी पासपोर्टच्या माणसांचे खिसे कुणी बघणार नाही, आणि जिची ही भूमी तिचा डबा उघडून बघणार. नवऱ्याने कोपराला धरून मला बसमध्ये चढवलं. केंटची बाई खिडकीतून बाहेर बघत होती.

बाबा पुढच्या सीटवर बसले होते. बस सुटल्यावर मागे वळून मला म्हणाले, "बरं केलंस बोललीस. कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

आम्ही परत आलो. घड्याळं तासाने मागे झाली, चार वाजताच अंधारायला लागलं, आणि दिवाळी आली. आमच्या बर्कशायरच्या मंडळाची किल्ला स्पर्धा असते. परीक्षक शनिवारी दुपारी गाडीने घरोघर फिरतात आणि प्रत्येकाकडे चिवडा खाऊन खाऊन शेवटच्या घरी पाणीसुद्धा नको म्हणतात. बाबा आणि लेक आठवडाभर मागच्या गार्डनमध्ये होते. इकडची माती चिकट, तिला बुरूज छान होतात म्हणून बाबा खुश. हळीव पेरले होते, ते उगवून तटाखाली हिरवं कुरण झालं होतं. पुण्याहून आणलेले मावळे जागोजाग उभे होते आणि वर सिंहासनावर महाराज. मी मुद्दामच तिकडे फिरकले नव्हते. त्या दोघांचं काम त्यांनाच करू द्यावं म्हणून.

परीक्षक यायच्या आधी फोटो काढायला म्हणून मी बाहेर गेले. बालेकिल्ल्यावर काडेपेटीएवढं देऊळ केलं होतं. आत पणती, आणि पणतीमागे तो. गोल डोळे, उघडं तोंड. कपाळावर हळद-कुंकू.

 लेकीला विचारलं, हे कुठून आलं. ती सहज म्हणाली, "आजोबांनी शॉपमधून घेतला. सेम आहे ना तिथल्यासारखी? त्या लेडीने माझ्या हातावर ठेवली होती तशीच." तिच्या मराठीत चेहऱ्याचं लिंग वाक्यागणिक बदलतं, पण नजर पक्की आहे. सेमच होता. तिथे दुकान नव्हतं. पाण्याच्या बाटल्यांचा एक फ्रीज होता फक्त.

म्हणजे नातीशीही खोटं.

बाबा बाहेरच्या नळावर हात धूत होते. लेकीला आत पाठवून मी त्यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढं म्हणायला हवं. नळ बंद केला, टॉवेलला हात पुसले, आणि शांतपणे, जसं किल्ल्याचा इतिहास सांगतात तसं, सांगायला लागले. तो चेहरा स्पॅनिश लोकांचा नाही, ज्यांना मारलं त्यांचा आहे. म्हणजे आपल्या बाजूचा. तिथे तो एका ट्रेमध्ये नंबर पडून धूळ खात राहणार. इथे त्याला देवळात ठेवलंय, आंघोळ घालून हळद-कुंकू लावलंय, समोर दिवा लागतो. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कुणी दिवा लावला असेल का?

माझी सासऱ्यांशी बोलायची एक पट्टी ठरलेली आहे. वीस वर्षांत ती मी ओलांडली नव्हती. त्या दिवशीही अहो-जाहो सुटलं नाही, पण बाकी सगळं सुटलं. मी म्हटलं, "बाबा, त्या बाईची बॅग टेबलावर उलटी केली. तुम्ही पलीकडे उभे होतात. हा तुमच्या खिशात होता."

ते म्हणाले, "इतकं होईल असं वाटलं नव्हतं गं. आणि एकदा तो माणूस आल्यावर मग खिशातून काढायचं कसं? सगळ्यांसमोर? या वयात?"

म्हणजे तिची लाज टेबलावर सांडलेली चालली. यांची नको. आणि मी, मी तिथे घसा फोडत होते, माझी सॅक उलटी करत होते, आणि हे बसमध्ये मागे वळून मला शाबासकी देत होते. मला त्यांच्या चोरीपेक्षा त्या शाबासकीचा राग जास्त आला. अजूनही त्याचाच जास्त आहे. चोरी एका क्षणात होते, मूठ मिटली की झाली. शाबासकी द्यायला माणूस वळून बसतो, शब्द निवडतो.

परीक्षक आले. देवळाचं विशेष कौतुक झालं. असा मुखवटा कुठे मिळाला, असं त्यातल्या एका काकूंनी विचारलं, तर बाबा म्हणाले, बाहेरगावचा आहे. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं.

संध्याकाळी नवऱ्याशी भांडण. तो डिशवॉशर लावत होता आणि मी त्यातली भांडी पुन्हा बाहेर काढत होते. त्याचं म्हणणं, बाबांचं चुकलं, मान्य, पण दिवाळी आहे, पंधरा दिवसांत ते परत जाणार, आता त्यांना उघडं पाडून काय मिळणार? नाव न घालता पार्सल करून टाकू. चेहरा परत पोचला म्हणजे विषय संपला. मी म्हटलं, चेहरा पोचेल, पण बाईवरचा आळ कोण पुसणार? निनावी पार्सल आलं तर सगळे म्हणतील हिनेच घाबरून पाठवलं. ज्याने घेतला त्याने मी घेतला म्हणून सांगायला हवं, नाव घालून. नवरा म्हणाला, "यू आर मेकिंग इट अ कोर्ट केस." मी म्हटलं, हो.

त्या दिवशी बाईने फोटो पाठवण्यासाठी आम्हा सगळ्या पाहुण्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप केला होता. तिचा नंबर माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी बाबांसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, तुम्हीच लिहा. ते एका बोटाने टाइप करतात. मी मागे उभी राहिले. सुरुवात 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी. मग इकडची थंडी. मग दिवाळी म्हणजे काय. मग किल्ल्याची परंपरा. शेवटी कुठेतरी असं आलं की तो छोटा चेहरा अनवधानाने आमच्या सामानाबरोबर आला आहे. मी ते खोडायला लावलं. सामानाबरोबर काही येत नाही, बाबा, कुणीतरी आणतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, मला वाटतं पाणी आलं होतं, पण मी हलले नाही. मग त्यांनी लिहिलं की मी घेतला, माझी चूक आहे, तुमच्या साहेबांना मी स्वतः लिहायला तयार आहे, पत्ता द्या.

उत्तर आलं ते आवाजातलं, लांबलचक. मी, नवरा आणि बाबा स्वयंपाकघरात उभ्याने ऐकलं. पहिल्यांदा तिने विचारलं, त्याचे कान शाबूत आहेत ना? डावा कान कच्चा होता. मग म्हणाली, त्याला पाणी लावू नका, रंग आहे त्याच्यावर. मी बाबांकडे पाहिलं. आंघोळ घातलेली, वर हळद.

मग तिने बाकीचं सांगितलं, सावकाश, शब्द जुळवत. त्या दिवसापासून तिला गाईडच्या कामावरून काढून तिकीट खिडकीत बसवलं आहे. नव्या वर्षात ठरवणार आहेत, परत घ्यायचं की नाही ते. आता साहेबाला वाटायला लागलंय की तो चेहरा चुकून चाळलेल्या मातीच्या ढिगात पडला असेल. माणसं तो ढीग पुन्हा चाळतायत. ते तसंच वाटू दे. "इंग्लंडहून पार्सल आलं तर पहिला प्रश्न विचारतील, त्यांच्याकडे हिचा नंबर कसा. म्हणतील मी विकला. तुम्ही चांगली माणसं आहात, खरं लिहिलंत. पण पाठवू नका. साहेबाला लिहू नका. तुमच्याकडेच ठेवा."

शेवटी तिने लेकीला हॅलो सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, आता बाबांना तरी जमिनीत गडप व्हावंसं वाटेल. ते खुर्चीवर बसले. दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावरचा ताण उतरताना स्पष्ट दिसला. नवऱ्याला म्हणाले, चहा टाक. आणि मग मला म्हणाले, समजुतीच्या सुरात, "बघ, तीच म्हणतेय ठेवा. आणि आपल्याकडे काय, सुरक्षित आहे."

मी म्हटलं, "बाबा, तलवारीपाशी त्या माणसाने हेच सांगितलं होतं तुम्हाला."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चहात साखर घातली, बाबा साखर घेत नाहीत तरी.  मी चेहरा देवळातून काढून आणला. हळद कोरड्या कापडाने निघेना. कुंकू डोळ्यांच्या खोबणीत बसलं होतं. आता तिने मागितला असता तरी तो तसा परत देता आला नसता. टिश्यूत गुंडाळून मी तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला, जिथे आमचे पासपोर्ट असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी बाबा पुण्याला परत गेले. हीथ्रोवर सिक्युरिटीच्या अलीकडे आम्ही उभे होतो. दरवेळी तिथे नवरा वाकतो, मग मी, मग लेक. नवरा वाकला. लेक वाकली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात थोडा उचलून धरला, आशीर्वादाला उचलतात तसा. मी वाकले नाही. नीट जा म्हटलं, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत म्हटलं. तो हात त्यांनी लेकीच्या डोक्यावरून फिरवला आणि आत गेले. गाडीत नवरा मला म्हणाला, एवढं करायला नको होतं. कुणी काय करायला नको होतं याची चर्चा मला तेव्हा करायची नव्हती.

जानेवारीत बाईचा मेसेज आला. मी कधीही काही विचारलं नव्हतं, तिनेच नको म्हटलं होतं. तिला परत गाईड केलं होतं. हसणारे चेहरे, समुद्राचा फोटो. खाली तिने लिहिलं होतं की फक्त एक नवा नियम झालाय, गाईडची बॅग आत जाताना आणि बाहेर येताना उघडून बघतात. पाहुण्यांची नाही. म्हणून मी आता बॅगच नेत नाही, जेवायला घरीच जाते, काही अडत नाही.

मी ऑफिसात होते. मीटिंग सोडून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले, तो मेसेज शब्दन् शब्द मराठीत केला आणि बाबांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.  मग दोन जोडलेले हात आले.

मी फोन लावला. पुण्यात रात्रीची जेवणं झाली होती, पलीकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी विचारलं, "बाबा, हात कुणाला जोडलेत?"

टीव्हीचा आवाज कमी झाला. ते खाकरले.

"जेवलात का तुम्ही?" ते म्हणाले. "तिकडे थंडी फार असेल ना आता."